पायाखालचं बटण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि पापनिवेदनाला फादरांसमोर गुडघे टेकतो तेव्हाही नाही — तिथे मी रागाचं, आळसाचं सांगून मोकळा होतो. आज तुम्हाला सांगतोय, कारण गेल्या रविवारपासून माझं डोकं सुन्न झालंय.

वसईतल्या एका इस्पितळात मी शिकाऊ डॉक्टरांना ॲब्लेशन शिकवतो. म्हणजे काय? मांडीच्या शिरेतून एक तार हृदयापर्यंत न्यायची आणि ठोके बिघडवणारा एवढासा भाग तिच्या टोकाने तापवून जाळायचा. अवघड एवढंच, की त्याला खेटूनच ठोक्यांची मुख्य वाट जाते. ती जळली की ठोकाच अडतो. म्हणून आमच्याकडे एक रीत आहे — मीच घालून दिलेली. तार शिकणाऱ्याच्या हातात, तापवायचं बटण माझ्या पायाखाली. तो ‘बंद’ म्हणाला की मी पाय उचलायचा. विचारायचं नाही, वाद घालायचा नाही. काय रुबाबात सांगायचो मी हे सगळ्यांना!

बऱ्याच वर्षांपूर्वी एके दिवशी तार गौरीच्या हातात होती. चंदनसारची पोर. बोलायला कमी, पण हात असा स्थिर की मला हेवा वाटायचा. टेबलावर पाचूबंदरच्या एक मावशी, मासळी विकणाऱ्या. मुंबईहून एक बडे डॉक्टर आमचं काम बघायला आले होते आणि मी त्यांना — आता लाज वाटते — माझेच पराक्रम रंगवून सांगत होतो. गौरी म्हणाली, “बंद.”

मी पाय उचलला नाही. का? पाहुण्यांसमोर एका शिकाऊ मुलीने मला थांबवावं, हे — हो, हे मला खुपलं. घाबरट आहे, असं मनात म्हटलं. क्षणभरच. पडद्यावरची रेघ सपाट झाली.

बाहेरून ठोके देऊन मावशींना वाचवलं, पण जन्माचा पेसमेकर बसला. आणि मी? हातमोजे काढायच्या आत माझ्या तोंडून निघालं, “गौरी, हात हलला तुझा.” इतकं सहज! माझा मीच दचकलो. पाहुण्यांनी तिचं ‘बंद’ ऐकलं असेल, नसेल. ते हात धुवायला निघून गेले. मावशींच्या मुलालाही मी तेच सांगितलं. वर गौरीवर कारवाई नको म्हणून शब्द टाकला — केवढा मोठेपणा! दुसऱ्या दिवशी मावशी मलाच म्हणाल्या, “डाक्टर, त्या पोरीला रागावू नका. शिकते हाय ती. कोनाचा हात चुकत नाय?” मी मान डोलावली.

गौरीने हृदयाचं काम सोडलं. मनवेलपाड्यात दवाखाना टाकला, ताप-खोकला बघते. गेल्या रविवारी कळंबला एका साखरपुड्यात भेटली. वाकून नमस्कार केला मला. म्हणाली, “सर, तेव्हा तुम्ही सांभाळून घेतलंत, नाहीतर माझं काय झालं असतं? कितीतरी वर्षं मला वाटायचं, मी ‘बंद’ म्हटलं होतं. घाबरून मनातच म्हटलं असणार.”

माझी चूक तिच्या माथी मारली, हे मला ठाऊक होतं. पण तिचा स्वतःवरचा विश्वासही मी काढून घेतला — हे नव्हतं माहीत. तेव्हा तरी बोलायचं ना? समोर उभी होती ती. मी म्हणालो, “होतं असं कधीकधी.” आणि भात घ्यायला वळलो.

गौरी मोठ्याने म्हणाली होती. मला ऐकू आलं होतं.