आनंदाकाकांचं बेट

रोडपालीत आनंदाकाकांना लहान मुलं घाबरतात आणि मोठी माणसं हसतात. एरवी काका पत्रे आणि सिमेंट विकतात. गिऱ्हाईक रागावलं तर त्यालाच पाणी पाजून शांत करतात. घरात पाल दिसली की पलंगावर चढून वेणूकाकूंना हाक मारतात. पण गावच्या जत्रेतल्या नाटकात खलनायक ठरलेला, तो म्हणजे काका. मिशी एकदा चिकटली की पुढच्या रांगेतली पोरं आयांच्या मागे लपतात.

याचं त्यांना कधी वाईट वाटलं नव्हतं. गेल्या जत्रेत मात्र नात मनस्वी पहिल्यांदा पुढे बसली. काकांनी स्टेजवर एका विधवेच्या घराला कुलूप ठोकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पोरगी त्यांच्या मांडीवर बसेना. काकांनी आणलेलं चॉकलेट ती घ्यायची, पण आजीच्या हातून.

"औंदा मना डॉक्टर करायचा हाय," काकांनी वेणूकाकूंना सांगितलं. नाटक तेच जुनं होतं. त्यातला डॉक्टर गरिबांना फुकट औषध देतो आणि शेवटी खलनायक रावसाहेबाला गावातून हाकलतो.

दिग्दर्शक यंदा प्रणित होता. तो कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो आणि येताजाता मोबाइलवर 'चार बेटं' नावाची लांबलचक गोष्ट ऐकतो. त्या गोष्टीत प्रत्येक माणूस चारपैकी एका बेटाचा असतो. मीठबेटाची माणसं सगळ्यांत मिसळून उपयोगी पडतात, अंगारबेटाची हुकूम सोडतात, कातळबेटाची हलत नाहीत आणि लव्हाळबेटाची मऊ मनाची, वारा आला की वाकणारी. प्रणितने आमच्या नाटकातलं एकेक पात्र या बेटांवर नेऊन बसवलं. डॉक्टर मिठावर, रावसाहेब अंगारावर, डॉक्टरचा घाबरट कंपाउंडर लव्हाळ्यावर.

विधवेचं काम करणाऱ्या शशिकलाकाकी चिडल्या. "तीन अंक रडते मी, आणि मना कातळ म्हनतोस?"

"रडता काकी, पण घर सोडता का?"

काकी विचारात पडल्या. तेवढ्यात प्रणितने पुढचं जाहीर केलं. नटांनाही प्रश्न विचारायचे आणि ज्याचं जे बेट, त्याला त्या बेटाचं पात्र. यात वशिला चालणार नव्हता.

काका घरी तयारीला लागले. वेणूकाकू जवळा निवडता निवडता प्रश्न टाकायच्या. "वाटेत मानूस पडलेला दिसला, तर?"

"उचलीन. पानी पाजीन. दवाखान्यात नेईन."

"बरोबर. डॉक्टर झालात तुमी."

परीक्षेच्या दिवशी अख्खं मंडळ देवळाच्या मंडपात जमलं होतं. प्रणितने मधोमध खुर्ची ठेवली. काका बसले, समोर पाहिलं, आणि तिथेच घोटाळा झाला. समोर प्रेक्षक होते.

"काका, वाटेत एक माणूस पडलाय. तुम्ही काय कराल?"

काकांची डावी भुवई वर गेली. आवाज पोटातून आला. "आधी बघीन, त्याची जमीन किती हाय."

मंडपात टाळ्या पडल्या. टाळी मिळालेला नट थांबतो थोडाच.

"बोट बुडतेय. जागा एकच उरलीय."

"बोट माझी, जागा माझी. बाकीच्यांना पोहायला शिकवा."

शिट्ट्या वाजल्या. प्रणित खूश झाला. "अंगारबेट. शंभर टक्के."

काका भानावर आले. मनस्वी आजीच्या मागे सरकली होती. त्यांचा चेहरा उतरला.

वेणूकाकू उठल्या. "ही उत्तरं रावसाहेबाची. आमच्या मानसाची मना इचार."

प्रणित गडबडला. पण गोष्टीशी तो प्रामाणिक आहे. त्याने कबूल केलं की गोष्टीतली म्हातारी नावाडीणसुद्धा माणसाचं बेट त्याला विचारत नाही, त्याच्याबरोबर जेवणाऱ्याला विचारते. हे तो विसरलाच होता. त्याने प्रश्न पुन्हा विचारले.

"मानूस पडलेला दिसला, तर हे मना फोन करतील," काकू म्हणाल्या. "मी येईपरत त्याच्या बाजूला बसून रडतील."

"आणि बोट?"

"बोटीत हे बसतच नाय. लाट बघून पोटात गोळा येतो."

प्रणितने मान हलवली. "काका, लव्हाळबेट. कंपाउंडर."

"डॉक्टर नाय?"

"डॉक्टर रावसाहेबाला दम देतो, काका. तुम्ही दुकानात उधारीवाल्याला चहा देता."

कंपाउंडरला चार वाक्यं आणि एकदा चक्कर येऊन पडणं, एवढंच काम. काका "नको" म्हणाले असते तर मिशी परत मिळाली असती, कारण रावसाहेबाच्या कामाला कुणीच उरलं नव्हतं. त्यांनी आजीच्या पदराआडून दिसणारे दोन डोळे पाहिले.

"करतो," ते म्हणाले.

"मग रावसाहेब कोण?" कुणीतरी विचारलं.

"महिनाभर सगळ्यांवर हुकूम कोन सोडतोय?" शशिकलाकाकी म्हणाल्या, आणि सगळ्यांनी प्रणितकडे पाहिलं.

आता संध्याकाळी काका ओटीवर आपली चार वाक्यं घोकतात. "डॉक्टरसाहेब, मला भीती वाटते," असं ते म्हणतात तेव्हा डॉक्टरनेच पळून जावं असं वाटतं. पहिले दोन दिवस मनस्वीने दारातून ऐकलं. तिसऱ्या दिवशी तिला राहवेना.

"आजोबा, तुम्ही घाबरलाय असं वाटतच नाय."

"मग कसं करू?"

ती आली, त्यांच्या मांडीवर चढली, डोळे मोठे केले, हनुवटी थरथरवली आणि दोन्ही मुठींत त्यांचा सदरा घट्ट धरला.

काकांनी तो चेहरा ओळखला. गेल्या जत्रेत स्टेजवरून त्यांना पहिल्या रांगेत तोच दिसला होता.

"परत दाखव," ते हळूच म्हणाले.

तिने परत दाखवलं, आणि मध्येच तिला हसू फुटलं.