औषधाच्या बाटल्यांचा क्रूस

मुलगी वारली तेव्हा घरात औषधाच्या रिकाम्या बाटल्या उरल्या. लढाईचे दिवस होते, काचेची टंचाई होती, दवाखान्याने बाटल्या परत मागितल्या. माझ्या यजमानांनी दिल्या नाहीत. त्या वितळवून तिच्या कबरीसाठी क्रूस ओतायचा, असं त्यांनी ठरवलं. मला बरं वाटलं नाही, वाईटही वाटलं नाही. काम होतं, करायला घेतलं.

तिसगावच्या बाजूला आमची कौलांची भट्टी होती. साच्यात काचेचा चुरा भरून भट्टीत ठेवला की काच पातळ होऊन साचा भरते. अडचण होती साच्याच्या मातीची. आधी दुसरी फुटकी काच घेऊन करून पाहिलं. शेतातल्या मातीत चुनखडी होती. ती फुटली आणि साचा ढासळला. कौलांची माती गाळून घेतली, तर ती भाजताना आकसली आणि तडकली. मुलीच्या बाटल्या मात्र एकदाच वितळवता येणार होत्या.

वारुळाची माती बारीक असते, तिच्यात खडा नसतो. वारूळ शेजारणीच्या बांधावर होतं. श्रावण लागला होता, पाऊस ओढ देऊन होता, म्हणून राहिलेली कौलं आम्ही भट्टीत रचत होतो. ती भाजली की भट्टी दिवाळीपर्यंत बंद. यजमान कुदळ घेऊन निघाले, तर शेजारीण आडवी आली. नागपंचमीपर्यंत खणायचं नाही, म्हणाली. आम्ही ख्रिस्ती, आम्हाला कसली पंचमी, असं हे म्हणाले.

"नाग डसायच्या आधी धर्म इचारतो व्हय, दादा?"

हे परत आले आणि कौलं रचू लागले.

आमची मुलगी त्या शेजारणीच्या अंगणात खेळायची. भूक लागली की शेजारीण तिच्या हातावर वरून भाकरी टाकायची. घरात, चुलीपाशी, कधी घेतलं नाही. तशी रीतच होती. आम्हीही कधी काही म्हटलं नाही.

दुपारी शेजारीण डोक्यावर पाटी घेऊन आली. पाटीत तिच्या जुन्या चुलीचे तुकडे होते.

"वारुळाच्याच मातीची हाय, वैनी. लई वर्सं भाजलीय. आता काय तडकायची न्हाई."

मी ती कुटली, चाळली, थोडी कौलांची माती आणि घोड्याची लीद घालून मळली. साचा वाळल्यावर काच चिकटू नये म्हणून आतून राखेचा हात दिला आणि मुलीच्या बाटल्यांचा चुरा भरला. भट्टी पेटवली, मग पुरती निवेपर्यंत कुणाला दार उघडू दिलं नाही.

क्रूस अखंड निघाला. हिरवट, धुरकट. पाठीला मात्र चुलीची माती घट्ट चिकटून बसली होती. यजमान घासायचा दगड घेऊन बसले.

"राहू द्या," मी म्हणाले. "ती घासू नका."

त्यांनी दगड ठेवला. मी हात धुतले आणि पीठ मळायला घेतलं.