सूर्यभान सरांचं भरपूर प्रोटीन

श्रीरामपूरच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारे सूर्यभान सर एका जागी स्थिर असलेले कुणी पाहिले नव्हते. पेशीची आकृती फळ्यावर सुरू होई आणि सर दाराशी पोचले की संपे. त्यात सत्त्याण्णव साली पाथर्डीच्या थोरल्या बहिणीची, केशरअक्काची, छातीतली गाठ काढली आणि सरांच्या पायाला भिंगरीच लागली.

गाठ कॅन्सरची निघाली. पुढे सलाइनमधून औषधं घ्यायची, तर अक्का अडून बसली, "केस जात्यात म्हनं. मी न्हाई येनार."

गाठीचा तुकडा आणखी तपासायला पुण्याच्या प्रयोगशाळेत गेला होता. सरांनी एसटीडी बूथवरून तिकडे फोन लावला. पलीकडचा म्हणाला, "पी-५३ प्रोटीन भरपूर दिसतंय."

सर हरखले. बिघडलेल्या पेशीला 'थांब, दुरुस्त हो, नाहीतर मर' असं दटावणारं प्रोटीन ते हेच, एवढं त्यांनी मासिकात वाचलं होतं. आणि तेही भरपूर! बूथवाल्यापासून कॉलेजच्या शिपायापर्यंत पेढे वाटून सर पाथर्डीला धावले. "अक्का, तुझ्या अंगात राखनदारांची फौज हाय! औषधं कशाला?"

अक्का खूश झाली.

पुढच्या आठवड्यात अक्काची गाठ काढणारे नगरचे डॉक्टर मात्र कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो सर, धडधाकट प्रोटीन काम आटोपलं की मोडीत निघतं, तपासात फारसं दिसतच नाही. ढीग साचतो तो बिघडलेल्याचा. नुसतं बसून राहतं, हुकूम देत नाही. आणि इकडे पेशीला 'जग, वाढ' असे निरोप चालूच. मग ती मरेल कशी? औषधं लागणारच."

सरांनी तिथूनच पाथर्डीची एसटी पकडली. गाडी करंजी घाटात रांगत होती. तेवढ्या वेळात अक्काच्या अंगात किती पेशी मरायचं विसरल्या असतील, या विचाराने सर पुन्हा पुन्हा उठत.

"सर, बसा की," कंडक्टर वैतागला. "तुमी हुभं राहून गाडी पळनार हाय व्हय?"

अक्का ओट्यावर शेंगा फोडत होती.

"अक्का, चुकलो."

"कवा न्हाई चुकला?"

सरांनी सगळं सांगितलं. अक्काचा हात थांबला.

"म्हंजी राखनदार हाय, पर मुका झालाय."

"व्हय."

"आन तू मला म्हनला, औषधं कशाला."

अक्काने पदराने डोळे पुसले, सूप बाजूला सारलं.

"येते औषधाला. पर डाक्टरशी मी बोलनार. तू भाईर थांबायचं."