न झटकलेला पारा

ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. आईजवळ नाही, जिला मी सगळं सांगते त्या मैत्रिणीजवळही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — खरं कारण बहुधा एवढंच.

निमित्त साधं झालं. धुळ्याच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी शिकवते, तिथे परवा स्टाफरूममध्ये उन्हावरून वाद निघाला. एप्रिल संपत आला होता आणि पंखा गरम हवा इकडची तिकडे करत होता. कुणीतरी वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं, की कोळशाच्या आणि पेट्रोलच्या धुराने सगळी पृथ्वीच तापते आहे. इतिहासाचे सर म्हणाले, "धूर सोडायचा अमेरिकेने आणि झाडं लावायची आपण." दुसरे म्हणाले, "आणि सातपुडा बोडका झाला तो? तिथे काय अमेरिका आली होती कुऱ्हाड घेऊन?" मराठीच्या मॅडमचं म्हणणं, ऊन पूर्वीही असंच होतं, सावली जास्त होती. मग फिजिक्सचे सर बशीतला चहा फुंकत म्हणाले, "अहो, पण हे आकडे आणतो कोण? बसला असेल कुणीतरी सावलीत, भरत असेल रजिस्टर!"

सगळे हसले. मीही हसले. जरा उशिराने — पण हसले.

सावद्याला माझ्या वडिलांचे थोरले भाऊ राहत. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणत असू. त्यांची केळीची बाग होती, आणि बागेच्या कडेला, उघड्या जागेवर, चार पायांवर उभी एक पांढरी लाकडी पेटी होती. पेटीच्या चारी बाजूंना खिडकीसारख्या झडपा. आत वारा जायचा, ऊन जायचं नाही. आतमध्ये आडवा ठेवलेला थर्मामीटर; त्यातला पारा चढे, पण झटकल्याशिवाय खाली उतरत नसे. शेतकी खात्यातल्या कुणा अधिकाऱ्याने बदली होऊन जाताना तो नानांना दिला होता. गावातले लोक पेटीला "नानाचं कबुतरखानं" म्हणत.

होळीपासून मृगापर्यंत, रोज संध्याकाळी पाच वाजता, नाना त्या पेटीपाशी जात. दिवसभरातला सर्वांत वरचा आकडा वाचत आणि हजेरीपटासारख्या एका जाड वहीत लिहीत. तारीख, आकडा आणि शेरा. शेऱ्यात काहीही असे. "पानं दुपारीच मिटली." "विहीर एक पायरी उतरली." "कावळ्याची चोच उघडी." असे चौदा उन्हाळे. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारतही नव्हतं. शेजारच्या शेतातले भागवतभाऊ तेवढे रोज ओट्यावर येऊन वाद घालत.

"नाना, वैशाखात ऊन नाही पडीन तं काय दहिवर पडीन?" भागवतभाऊ म्हणत.

नाना वही उघडत. "पाह्य. पह्यले इतक्या वर जाणारे दिवस बोटावर मोजता येयेत. आता बोटं पुरत नाहीत."

"मंग केळीले पानी जास्त दे. वही पाजून केळी पिकत नाही!"

नानांचं म्हणणं, झाडं गेली म्हणून उष्मा वाढला. भागवतभाऊंनी बांधावरचे कडुनिंब तोडून तिथे केळी लावली होती, त्यामुळे ते बोलणं त्यांना लागायचं. मी इंग्रजी मासिकांत कार्बन डायऑक्साइडबद्दल, हवेच्या पांघरुणाबद्दल वाचलेलं होतं. दोघांनाही सांगण्यासारखं माझ्याजवळ काहीतरी होतं. मी सांगितलं नाही. मी कधीच काही सांगत नसे.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सावद्याला गेले होते. नानांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आले होते. ऑपरेशन थंडीतच करायचं, उन्हाळ्यात डोळा चिघळतो, असं तेव्हा सगळेच मानत. आकडा दिसेना, म्हणून नानांनी मला पेटीपाशी नेलं. काच कशी धरायची ते दाखवलं.

"वाचलं का झटकजो," ते म्हणाले. "तापाच्या थर्मामीटरसारखं. नाही झटकलं तं पारा तिथीच बसून राह्यतो, उद्याचं काही सांगत नाही."

हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोनदा मान हलवली. हे आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझी मलाच पळवाट राहणार नाही.

घरापासून पेटीपर्यंत जायला बांधावरून दहा मिनिटं लागत. वाटेत ट्रकमध्ये केळीचे घड भरणारी माणसं असत. पहिल्या दिवशी परत येताना त्यांच्यातल्या एकाने विचारलं, "ओ मास्तरीणबाई, आज किती ताप हाये वावराले?" मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी आकडे मला तेव्हाही नीट येत नसत — चाळिसाच्या पुढे तर सगळंच सारखं वाटे. मी म्हणाले, "चौतीस." म्हणायचं होतं चव्वेचाळीस.

"चौतीसच? मंग स्वेटर घालून ये उद्या!"

ते हसले, त्यात वाईट काही नव्हतं. पण माझे कान तापले ते रात्रीपर्यंत. आणि आणखी एक झालं होतं, ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. झटकण्यासाठी थर्मामीटर बाहेर काढला तेव्हा घामाने ओल्या हातातून तो निसटता निसटता राहिला होता. मी घाबरले. न झटकताच तो परत जागेवर ठेवला आणि झडप लावली.

दुसऱ्या दिवशी पारा अर्थातच कालच्या जागेवरच होता. विज्ञानाची विद्यार्थिनी होते मी — मला समजायला किती वेळ लागणार? तिथेच झटकून टाकला असता आणि घरी येऊन म्हटलं असतं, की नाना, आजचा आकडा नाही, माझ्याकडून चूक झाली. काय झालं असतं? वहीत एक घर मोकळं राहिलं असतं. एवढंच.

मी कालच्यापेक्षा अर्धा अंश कमी सांगितला.

तिसऱ्या दिवसापासून मी पेटीपर्यंत गेलेच नाही.

बागेच्या अलीकडच्या कडेला, वारा अडवायला लावलेल्या शेवरीच्या दाट ओळीमागे एक दगड होता. तिथे ट्रकवाल्यांची नजर पोचत नसे. तिथे मी बसायचे. वीस मिनिटं, घड्याळ लावून. मग परत जाऊन नानांना आकडा सांगायचे, आणि नाना वही डोळ्यांशी धरून, चाचपत, तो लिहायचे. पूर्ण मे महिना, आणि पुढे मृगापर्यंत. मेचे एकतीस दिवस मी मोजले आहेत.

आकडे कसे निवडत होते? कधी वर, कधी खाली, कधी अर्ध्यावर — खोट्यातही चढउतार हवा, हे कुणी न शिकवता मला कळत होतं. पण त्याहून लाजिरवाणं सांगते. जे आकडे मला मराठीत न अडखळता म्हणता येत, तेच मी जास्त वापरले. "सेहेचाळीस" मला छान म्हणता यायला लागलं होतं. म्हणून त्या मे महिन्यात सावद्याला सेहेचाळीस अंश पुष्कळ वेळा झालं.

नानांना भागवतभाऊंपुढे जिंकवायचं होतं म्हणून मी आकडे वर नेले, असं मी मध्ये काही वर्षं स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं नाही. त्या दगडावर बसलेली असताना नाना माझ्या डोक्यात नसायचेच.

एक दिवस आठवतो. सकाळपासून ढग होते, अंगणात घातलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळेनात म्हणून काकू कुरकुरत होती. संध्याकाळी मी सवयीने सेहेचाळीस म्हणाले. नाना थांबले. पेन तसंच हातात.

"आंगाले तं आज कमी वाटलं," ते म्हणाले.

मी वही त्यांच्या डोळ्यांजवळ सरकवली.

"वाटनारच. आंग खोटं बोलतं, बेटा. पारा नाही बोलत."

आणि त्यांनी सेहेचाळीस लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, "ढग. गारवा वाटला. वाटण्यावर जाऊ नये."

तो शेरा अजून आहे. पण त्याच्याआधी पोळ्याचं सांगायला हवं.

मृग लागला तशी नानांनी नेहमीप्रमाणे वही बंद केली आणि मी जळगावला, आमच्या घरी, परत आले. पोळ्याला आम्ही पुन्हा सावद्याला गेलो. त्या दिवशी धुळ्याकडचे एक शेतकीचे प्राध्यापक नानांकडे यायचे होते. नानांच्या वहीबद्दल त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. गावोगावच्या अशा जुन्या नोंदी ते गोळा करत होते. खानदेशातलं ऊन खरंच वाढतंय का, आणि वाढत असेल तर ते झाडं गेल्याने की जगभरच्या धुराने, यावर त्यांना लिहायचं होतं. नानांनी त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता. वहीला नवं खाकी कव्हर घातलं होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी ती वही मागायला येत होतं.

प्राध्यापकांनी ओट्यावर बसून तासभर वही वाचली. शेरे वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते पाहून भागवतभाऊसुद्धा गप्प बसले. मग ते म्हणाले, "नाना, एकदा पेटी बघू या."

सगळे गेलो. मी सर्वांत मागे होते. झडप उघडली. बाहेर भुरभुर पाऊस, हवेत चांगला गारवा, आणि आत पारा चव्वेचाळीसच्या जरासा पुढे बसलेला.

प्राध्यापकांनी तो दोनदा पाहिला. मग वहीची पानं उलटली. अगदी मऊ आवाजात म्हणाले, "नाना, मृगाच्या तोंडावर तुम्ही चाळीस लिहिलंय आणि हा अजून चव्वेचाळीसवर, म्हणजे हा मेपासून झटकलेला नाही. म्हणजे त्या दिवसांत पारा याच्यावर एकदाही गेला नाही. मग हे सेहेचाळीस आले कुठून? आणि मधले हे बेचाळीस? न झटकता पारा खाली येतो कसा?"

एका बैलाच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज तेवढा दुरून येत होता.

नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मला हे नक्की आठवतं, कारण मी त्यांच्याकडेच बघत होते. त्यांना आता कळलं होतं — त्यांनीच तर दोनदा सांगितलं होतं, वाचलं का झटकजो. ते म्हणाले, "माह्याच हातून राह्यलं असंन, साहेब. पोरगी नुसता आकडा वाचे, झटकाचं काम माह्याकडं होतं. डोये गेले आता. लिहिताना काहीचं काही लिहिलं मी."

आणि मी? तोंड उघडायला तेवढा एक क्षण होता. वाक्यही तयार होतं, इंग्रजीत होतं, मराठीत होतं. मी खाली बघत राहिले. माझ्या चपलेला चिखल लागला होता. तो मी गवताला पुसला.

प्राध्यापक चांगले होते. त्यांनी नानांचा हात हातात घेतला. पण वही नेली नाही. म्हणाले, एका महिन्याचं असं झालं म्हटल्यावर आधीचं सगळं खरं असलं तरी मी ते कुणापुढे ठेवू कसं? बरोबरच होतं त्यांचं. घरी जाताना भागवतभाऊंनी थट्टा केली नाही. त्यांनी थट्टा केली असती तर नानांना बरं वाटलं असतं, असं मला वाटलं.

थंडीत नानांचे डोळे झाले. दोन्ही डोळ्यांना स्वच्छ दिसायला लागलं. पुढची होळी आली, मी चार दिवस तिथे होते. पाच वाजले की नाना ओट्यावर बसून राहत. त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. त्यानंतर पाच उन्हाळे ते जगले, आणि प्रत्येक उन्हाळ्यात मी त्यांना भेटले. पेटीच्या झडपा निखळल्या. आत चिमण्यांनी घरटं केलं.

नाना गेल्यावर काकूने वही मला दिली. म्हणाली, तूच होतीस ना त्यांच्यासोबत लिहायला. मी "हो" म्हणाले.

परवा स्टाफरूममधून घरी आल्यावर मी ती काढली. त्या वर्षाआधीच्या चौदा वर्षांचे आकडे खरे आहेत, हे आता मी एकटीच सांगू शकते, आणि माझ्या सांगण्याला काय किंमत आहे ते तुम्ही वाचलंच आहे. त्या मे महिन्याच्या पानावर एकतीस आकडे आहेत. आधीच्या पानांपेक्षा अक्षर मोठं, हललेलं, पण अक्षर त्यांचंच. माझं एकही नाही.

त्या वर्षीच्या शेवटच्या नोंदीनंतरचं पान नानांनी पोळ्याच्या आधीच आखून ठेवलं होतं. पट्टी लावून, तांबड्या शाईने. तारीख, आकडा, शेरा. पुढच्या वर्षाच्या होळीपासूनच्या तारखासुद्धा घातल्या आहेत.

बाकीची घरं मोकळी आहेत.