नवरीचं पद

क्लॅरोनेटची पत्ती जिभेवर ओली करायची, डावा हात वर करायचा आणि म्हणायचं, "थांबा ना जी, गाणं येऊन राहिलं." वरातीतली पोरं नाचायला उतावीळ, घोडीवर नवरदेव घामाघूम, आणि हा सगळ्यांना ताटकळत ठेवणार! असा एखादा बँडमास्तर तुम्हीही पाहिला असेल. आमचा मास्तर मात्र खरोखरच गाण्याची वाट पाहायचा.

भंडाऱ्यात त्याच्या बँडची खोली माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून होती. बँडचे कोट मीच शिवायचो. मास्तरला एकच खूळ. आज्याच्या काळात दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या गावनाटकात, गायली जायची ती पदं बँडवर पुन्हा उभी करायची. ती ऐकलेली म्हातारी माणसं हुडकत तो एसटीने गावोगाव हिंडायचा. आंधळगावच्या एका बोळक्या म्हातारीने त्याला एक पद म्हणून दाखवलं. याने ते क्लॅरोनेटवर वाजवलं, तर तिने कपाळावर हात मारला. "असं नाही रे बाप्पा! रडून काहून राहिला? नवरीचं पद होय ते!" हे तो मला पोट धरून हसत सांगायचा.

पण लग्नवाल्यांना डीजे हवा होता. पदं कोण ऐकतो! मग साकोलीकडे एक पिकलं पान गळालं. पतवंडं पाहिलेल्या म्हाताऱ्याला आमच्याकडे वाजतगाजत नेतात. त्याची पोरं म्हणाली, "आमच्या बाबाले जुने गाणे लय आवडे." मास्तरने नवरीचं पद अगदी संथ करून वाजवलं. माणसं डोळे पुसत राहिली. मग काय, कोणी म्हातारा गेला की मास्तरला बोलावणं. त्याला वाटे, निदान वाजतंय तरी. गाव मात्र भलतंच शिकत होतं. खोलीत सराव सुरू झाला की माझी बायको माडीवरून विचारी, "कोण गेलं वो?" मी हसायचो. ते हसण्यासारखं नव्हतं, पण तेव्हा कळतं कुठे!

त्याच्या एकुलत्या पोरीचं लग्न ठरलं. मी बँडला नवे तांबडे कोट शिवले. नवरी मांडवात येताना मास्तरने पत्ती ओली केली, हात वर केला. साथीदारांना म्हणाला, "तुम्ही नुसता ठेका धरा. चाल मी पाहतो." आणि नवरीच्या पदाची पहिलीच ओळ त्याने अशी खेळवली की बसलेली माणसं उठून उभी राहिली. मी तसं कधी ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात नवरदेवाची आत्या ओरडली, "अवं माय! हे तं मयतीचं गाणं होय! बंद करा!" नवरदेवाच्या बापाने क्लॅरोनेटच्या तोंडावर पंजा ठेवला.

"नवरीचं होय जी," मास्तर म्हणाला. "माह्या मायच्या मांडवात वाजलं होतं."

कोण ऐकतो? शेवटी पोरगीच खाली मान घालून म्हणाली, "बाबा, राहू द्या ना." मास्तरने पत्ती काढून खिशात टाकली. त्या आत्याची आठवण झाली की आजही माझं डोकं फिरतं.

त्यानंतर त्याने मयतीचं एकही काम घेतलं नाही. लग्नाची तर येतच नव्हती. ड्रमवाला ऑटो चालवू लागला, ट्रंपेटवाल्याने चहाचा ठेला टाकला. मास्तरला खोकला जडला. दर हंगामाला मी त्याचा कोट आत घेत गेलो. शेवटी दोन्ही खिसे एकमेकांना भिडायची वेळ आली.

एकदा माप देता देता म्हणाला, "मी गेलो तं बँड नोको जी. माह्या मयतीत हे पद वाजलं, तं मंग ते कायमचं मयतीचंच होईन."

"मग वाजवशील कवा?"

"पोरीले लेकरू होऊ दे. बारशाले वाजवतो. थांबा ना जी."

तो थांबला नाही. पोरीला सातवा लागला होता, तेव्हा दवाखान्यातून त्याला परत आणला. साथीदार तांबडे कोट घालून आले. प्रेमानेच आले होते बिचारे. ट्रंपेट वर गेला, तशी मास्तरची बायको धावत आली आणि तिने ट्रंपेटच्या तोंडावर हात ठेवला. "नवरीचं गाणं होय भाऊ. नोका वाजवू." वैनगंगेपर्यंत बँड मुका चालला.

बारसं मास्तरच्याच घरी झालं. पोरीने स्वतः जाऊन साथीदारांना बोलावलं. "बाबाचं पद वाजवा," म्हणाली. आंधळगावची म्हातारी कधीच गेली होती, आणि मांडवात कोणी मोबाइल काढून रेकॉर्ड करायच्या आतच सगळं थांबलं होतं. ट्रंपेटवाल्याला चाल येत होती. बाया पाळण्याची दोरी धरून उभ्या राहिल्या. त्याने सूर लावला आणि पद निघालं ते स्मशानाच्या वाटेवरचं. संथ, रडवं.

"असं नाही," पोरगी म्हणाली. "मांडवात वाजवलं होतं ना बाबानं, तसं."

त्याने पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. त्याचा तरी काय दोष? तशी चाल फक्त मास्तरच्या बोटांत होती, आणि आम्ही ती एका ओळीवर बंद पाडली होती. तिसऱ्यांदा वाजवताना त्याच्याच डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

रस्त्याने जाणारी एक बाई फाटकाशी थबकली. हातातली पिशवी खाली ठेवून तिने डोक्यावर पदर घेतला आणि हलक्या आवाजात मला विचारलं, "कोण गेलं वो?"

"आमचा मास्तर," मी म्हणालो.