आवडलं म्हणून

"आवडलं म्हणून. अजून काय कारण लागतंय?"

पुस्तक असो, साडी असो की माणूस, तिचं उत्तर हेच असायचं. बोलताना ती माझ्या टेबलावर दोन्ही कोपरं टेकायची आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघायची. नजर खाली घ्यावी लागायची ती समोरच्यालाच.

मी तेव्हा आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात ग्रंथपाल होते. परभणीहून एसटीनं तासाभराचं अंतर. ती कृषी सहायक म्हणून बदलून आली होती. दिवसभर स्कूटीवर खेडी पालथी घालायची आणि संध्याकाळी चपलांची काळी माती तशीच घेऊन वाचनालयात यायची. वय अडतीस-एकोणचाळीस. नवऱ्यापासून रीतसर फारकत घेतलेली, मूलबाळ नाही. वाचनालयामागच्या गल्लीत एका खोलीत भाड्यानं राहायची.

तिच्या आयुष्यात पुरुष होते. हे मी गावाचं ऐकून सांगत नाही, ती स्वतःच सांगायची. पहिल्या वर्षी कापसाच्या जिनिंगमधला एक मॅनेजर होता. तो गेला, मग कॉलेजातले एक प्राध्यापक आले. त्यानंतर तबला वाजवणारा एक जण. ती कुणालाही लपवत नसे. बाजारात भेटली तर सरळ ओळख करून द्यायची, "हे माझे मित्र." एक नियम मात्र तिनं पाळला होता. "लग्न झालेला नको, ताई. त्याच्या बायकोचा तळतळाट कोण घेईल?"

अशा बाईसाठी गावाकडे जे शब्द तयार असतात, ते तुम्हीही ऐकले असतील. मी ते इथे लिहीत नाही. पण आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष वकीलसाहेब होते. त्यांचं एक घर गावात होतं, दुसरं परभणीत, आणि दोन्ही घरांत कुंकू त्यांच्याच नावाचं. तरुणपणीचे त्यांचे किस्से तर लोक चहाबरोबर सांगायचे. त्यांच्यासाठी गावाकडे एकच शब्द होता. शौकीन माणूस. तो म्हणताना लोकांच्या चेहऱ्यावर हसू यायचं.

आता खरं सांगते. मी तिच्यावर जळायचे.

प्राध्यापक तिला सोडून गेले, त्या आठवड्यात मी तिची वाट बघत होते. ती रडेल, मी पाण्याचा ग्लास पुढे करीन, असं मनात ठरवलं होतं. ती आली आणि म्हणाली, "दोन दिवस जेवण गेलं न्हाई. तिसऱ्या दिवशी लय भूक लागली. एखादी जाडजूड कादंबरी द्या." मी ग्लास पुढे केलाच नाही. मला तिचे पुरुष नको होते. मला ती भूक हवी होती, तिसऱ्या दिवशी लागणारी.

एकदा तिनं विचारलं, "ताई, तुमाला कुणी आवडलंय का कधी? दाजींच्या आधी?"

आवडला होता. कॉलेजात एक जण. आमच्यातलं सगळं बोलणं मिळून तीन वाक्यांचं, आणि ती तीन वाक्यं मी एकवीस वर्षं कुणाच्या कानावर पडू दिली नव्हती. मी म्हणाले, "नाही."

"मग ही सगळी पुस्तकं वाचता तरी कशी?" असं म्हणून ती हसली. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

माझे मिस्टर शाळेत शिक्षक. अतिशय सरळ माणूस, घरात हसणं कमी. सात वाजता मला न्यायला यायचे. एके दिवशी ती तिच्या कामाचं सांगत होती. कपाशीवरच्या बोंडअळीसाठी शेतात सापळे लावतात, त्यांचं नाव कामगंध सापळे. मादीचा वास ठेवलेला असतो, त्या वासानं नर येतात आणि अडकतात. नाव ऐकलं की खेड्यातले गडी एकमेकांना कोपरं मारून हसतात. "मी थांबते," ती म्हणाली, "त्यांचं हसून होऊ देते. मग म्हणते, ऐका आता. ह्यात फक्त नर अडकायलेत, मादी बाहेरच फिरायलीय. मग कुणीच हसत न्हाई."

माझे मिस्टर हसले. तोंडावर रुमाल धरून, खांदे हलवत हसले. लग्नाला अठरा वर्षं झाली होती आणि त्यांचे खांदे हसताना असे हलतात, हे मला ठाऊक नव्हतं. घरी जाताना गाडीवर ते म्हणाले, "बाई मोकळी आहे." बस्स, एवढंच. त्या संध्याकाळी माझ्या दोन भाकरी करपल्या.

त्यानंतर महिन्याभरात वाचनालयात एका कादंबरीवर चर्चा ठेवली. अनेक पुरुषांबरोबर राहिलेल्या आणि त्याची लाज न बाळगणाऱ्या एका बाईची ती गोष्ट होती. पाच वक्ते, पाचही पुरुष. कुणी नायिकेला बंडखोर म्हणालं, कुणी काळाच्या पुढची. वकीलसाहेब समारोपाला म्हणाले, अशी स्त्री समाजाला आरसा दाखवते. टाळ्या झाल्या.

ती मागच्या बाकावरून उभी राहिली. "साहेब, एक विचारू का? ह्या बाईला आपल्या गल्लीत खोली मिळंल का भाड्यानं?"

कुणीतरी खोकलं. वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, साहित्य वेगळं आणि समाज वेगळा."

"मग वाचून काय उपेग?" ती म्हणाली आणि खाली बसली.

चार दिवसांनी वकीलसाहेबांनी मला बोलावलं. तिचं सभासदत्व रद्द करायचं तर काहीतरी लेखी लागेल, असं ते म्हणाले. बायकांकडून आलेलं असलं तर बरं. त्यांनी दमदाटी केली नाही. आठवडाभर विचार करा म्हणाले. मी दुसऱ्याच दिवशी दिलं. महिला सभासदांना या मॅडमच्या उपस्थितीचा संकोच वाटतो, असं दहा ओळींत लिहिलं. माझ्याकडे असं एकही बाई बोलली नव्हती. उलट दोघी-तिघी तिनं परत केलेली पुस्तकं मुद्दाम मागून न्यायच्या.

सभासदत्व रद्द झाल्याची बातमी गल्लीत पोचायला दोन दिवस लागले. घरमालक तिला म्हणाला, "वाचनालयानं काढलं म्हणल्यावर आमी कसं ठेवायचं, मॅडम?" त्यानं महिन्याची मुदत दिली. गावात दुसरी खोली तिला मिळाली नाही. चर्चेतल्या वक्त्यांपैकी दोघांच्या खोल्या रिकाम्या होत्या.

ती पुस्तकं परत करायला आली. तक्रारीची नक्कल तिच्या हातात होती. माझं अक्षर ती रोज पुस्तकाच्या कार्डावर बघायची, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं.

"बायकांना खरंच संकोच वाटतो?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"तुमाला?"

मी रजिस्टर उघडलं.

"तुमी माज्यावर जळता, ते ठाऊक होतं मला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "जळलेलं मला समजतं. मी बी जळले हाय लोकांवर. पण तोंडावर बोलायचं होतं, ताई. ह्याच टेबलावर भांडलो असतो आपण."

पुढचे काही महिने ती परभणीहून रोज येऊन-जाऊन नोकरी करत होती, असं कळलं. मग तिची हिंगोलीकडे बदली झाली. मिस्टरांनी एकदा विचारलं, "त्या मॅडम दिसत नाहीत?" मी म्हणाले, बदली झाली. तेवढंच त्यांना आजतागायत माहीत आहे.

मागच्या वर्षी मी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेले होते. देवळाबाहेरच्या ओट्यावर ती बसलेली दिसली. केस निम्म्याहून जास्त पांढरे झाले होते. शेजारी कुणी नव्हतं. मी खांबाआड उभी राहून बराच वेळ पाहिलं, कुणी येतंय का. कुणी आलं नाही. एकटी पडली शेवटी, असं माझ्या मनात आलं, आणि ते आल्यावर मला बरं वाटलं. हेही लिहून टाकते.

ती पेरू खात होती. सावकाश, फोडीला मीठ लावून, उन्हाकडे पाय पसरून. खाऊन झाल्यावर तिनं बोटं चाटली, पदरानं तोंड पुसलं आणि डोळे मिटून भिंतीला टेकली. कुणाची वाट बघणारं माणूस असं बसत नाही. माझे मिस्टर चपला सांभाळत मला हाका मारत होते, आणि मी त्या खांबाआडून हलायला तयार नव्हते.