मरायला हवी होती ती ज्वारी

आमच्या शेती संशोधन संस्थेत पुनर्रचनेचं वारं सुटलं, तेव्हा आमचा विभाग सगळ्यात लहान, म्हणजे पहिली कुऱ्हाड आमच्यावरच. आंबट, निकस मातीत तग धरणारी ज्वारी आम्ही शोधत होतो. हैदराबादची माती आंबट नाही, म्हणून कोकणातली तांबडी माती ट्रकनं आणून कुंड्या भरल्या होत्या. मलकपेठेत आई शेजारणींना सांगायची, आमची पोरगी परगावची माती आणते, ज्वारी मात्र दुकानातूनच आणावी लागते.

प्रत्येक ओळीत एक नाजूक वाण मुद्दाम लावायचं, ही आमची रीत. आंबट मातीत त्याची मुळं खुंटतात आणि ते वाळतं. ते मेलं तरच बाकीच्यांच्या जगण्याला अर्थ.

विभाग ठेवायचा की नाही हे ठरवणारी समिती आली, तर सगळ्या कुंड्या हिरव्यागार. पाहुणे खूश! माझं लक्ष मात्र नाजूक वाणाकडे गेलं, तेही तरारलं होतं. आमच्या विभागप्रमुख साहेबांकडे बघून मी मान हलवली, नक्को, आता गप्प बसा. पण हा तारनाक्याचा तेलुगू माणूस कसला ऐकतोय!

"हे झाड मरायला हवं होतं," ते म्हणाले. "माती आंबट राहिलेली नाही. हा निकाल धरू नका."

परतताना बसमध्ये मी त्यांच्यापासून लांब, पार मागच्या सीटवर जाऊन बसले, इतका संताप आला होता.

घोळ पाण्याचा होता. बोअरच्या जड, चुनखडीच्या पाण्यानं मातीचा आंबटपणाच मारला होता. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आम्ही घरोघरी कुरकुरत होतो, पण तेच कुंड्यांत ओतताना एकाही शहाण्याला सुचलं नाही.

समितीनं एक हंगाम वाढवून दिला. नवी माती आणली, शेडच्या छपराचं पावसाचं पाणी पिंपांत साठवलं आणि तेवढंच घातलं. नाजूक वाण पिवळं पडू लागलं, तशी माझी भूक परत आली. ते पुरतं वाळलं त्या दिवशी मी पेढे वाटले. लोक म्हणाले, बाईचं डोकं फिरलं.

समिती पुन्हा आली. अध्यक्षांनी हिरव्या ओळींकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आधी मेलेलं दाखवा," ते म्हणाले.

साहेबांनी वाळलेलं झाड उपटलं, मुळं नुसती बुटकी. मग शेजारचं हिरवं उपटलं. त्याची मुळं पांढरीशुभ्र, कुंडीच्या तळापर्यंत गेलेली. अध्यक्षांनी ती हातात धरली आणि विभाग चालू राहील म्हणून तिथंच सांगून टाकलं. मी सगळ्यांदेखत रडले.